पायसाइड ६ चा रिव्ह्यू: ओळ कोणी निवडली, माणसाने की कोडने?

डेस्कटॉप ॲपसाठी कुठलं टूलकिट (बटणं, याद्या, टेबलं तयार देणारी लायब्ररी) घ्यावं असा विषय निघाला की लोक थीम बघतात, डार्क मोड बघतात, ईएक्सई केवढी होते ते बघतात. मी आधी कॉम्बो बॉक्स बघतो, म्हणजे क्लिक केलं की यादी उघडते आणि त्यातलं एक नाव निवडायचं तो चौकोन. त्यातली एक ओळ निवडली गेली की टूलकिट आपल्याला कसं कळवतं, किती वेळा कळवतं, आणि ती ओळ समोरच्या माणसाने निवडली की आपल्याच कोडने, हे वेगळं सांगतं का, एवढ्यावर माझं अर्धं मत तयार होतं. ऐकायला फालतू वाटेल पण दुकानांची, पतसंस्थांची, कृषी सेवा केंद्रांची सॉफ्टवेअरं करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात चिवट बग इथेच दबा धरून बसलेले असतात.

तर हा रिव्ह्यू पायसाइड ६ चा, म्हणजे क्यूटी ६ हे सी प्लस प्लसमधलं टूलकिट पायथनमधून वापरायचं क्यूटीवाल्यांचंच अधिकृत पॅकेज. सध्या माझं रोजचं काम यावरच चालतं. त्याआधी स्विंग (जावाचं), विनफॉर्म्स (मायक्रोसॉफ्ट डॉटनेटचं), टीकिंटर (पायथनचं) अशा सगळ्या घरचं पाणी पिऊन झालंय, त्यामुळे मध्ये मध्ये त्यांचीही उणीदुणी निघतील.

माझी परीक्षा ठरलेली आहे. सभासद नोंदणीचा फॉर्म, त्यात जिल्हा, तालुका, गाव असे तीन कॉम्बो. जिल्हा बदलला की तालुक्यांची यादी बदलायची, तालुका बदलला की गावांची. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि साडेतीनशेच्या वर तालुके, म्हणजे डेटा काही फार नाही. नवीन सभासद भरताना हा फॉर्म कुठल्याही टूलकिटमध्ये मस्त चालतो, डेमोला क्लायंट खूश. खरी गंमत जुना सभासद उघडताना होते. डेटाबेसमधून रेकॉर्ड आलं, जिल्हा कोल्हापूर, तालुका शिरोळ. कोडने जिल्ह्याच्या कॉम्बोत कोल्हापूर लावलं, लावल्याबरोबर 'निवड बदलली' असा इव्हेंट (टूलकिटने कोडला दिलेली वर्दी) आला, त्याला जोडलेल्या फंक्शनने तालुक्यांची यादी रिकामी करून परत भरली, पहिलं नाव आजरा, ते आपोआप निवडलं गेलं, त्याचाही इव्हेंट आला आणि गावांची यादी आजऱ्याची भरली. आता पुढचं सगळं तुम्ही ओळी कुठल्या क्रमाने लिहिल्यात त्यावर. तालुका आधी आणि जिल्हा नंतर लावला असेल तर शिरोळ गेलं, आजरा बसलं. क्लार्कला फक्त मोबाईल नंबर बदलायचा होता, त्याने तो बदलला, सेव्ह दाबलं, आणि सभासदाचा तालुकाही बदलला. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. मार्चमध्ये तालुकावार यादी काढायची वेळ आली की कोल्हापूर जिल्ह्यातले सगळे आजऱ्याचे, पुण्यातले सगळे आंबेगावचे, आणि ऑफिसात सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलेत.

म्हणजे प्रश्न एवढाच आहे की माणसाने निवडलं तर खालची यादी बदल, कोडने लावलं तर गप्प बस. हे टूलकिटने सोपं करून दिलंय का?

क्यूटीने कॉम्बोच्या बाबतीत दिलंय, आणि फार नीट दिलंय. क्यूकॉम्बोबॉक्सला दोन सिग्नल आहेत, क्यूटीत अशा वर्दीला सिग्नल म्हणतात. एक करंटइंडेक्सचेंज्ड, हा निवड कशीही बदलो, माणसाने बदलो नाहीतर कोडने, येणारच. दुसरा ॲक्टिव्हेटेड, हा फक्त माणसाने निवडल्यावर येतो. डॉक्युमेंटेशनमध्ये हे एकेका वाक्यात स्पष्ट लिहिलेलं आहे पण ट्युटोरियल करणारे सगळे पहिलाच सिग्नल दाखवतात, का ते देव जाणे. जिल्ह्याच्या कॉम्बोला ॲक्टिव्हेटेड जोडा, रेकॉर्ड उघडताना तालुके भरायचं फंक्शन स्वतः हाताने बोलवा आणि मग तालुका लावा, विषय संपला. एक लक्षात ठेवा, माणसाने यादी उघडून तेच नाव परत निवडलं तरी ॲक्टिव्हेटेड येतो. त्यामुळे फंक्शनच्या सुरुवातीला 'जिल्हा खरंच बदललाय का' हे तपासून घ्या, नाहीतर कोल्हापूरवर परत कोल्हापूर निवडलं म्हणून लावलेला तालुका उडायचा.

अजून एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. रिकाम्या कॉम्बोत पहिलं नाव टाकलं की क्यूटी ते स्वतःहून निवडतं, इंडेक्स उणे एकवरून (म्हणजे काहीच निवडलेलं नाही) शून्यावर जातो आणि करंटइंडेक्सचेंज्ड उडतो. मला ही सवय पटत नाही. यादी भरून झाली की मी लगेच इंडेक्स उणे एक करतो आणि प्लेसहोल्डर टेक्स्टमध्ये 'तालुका निवडा' लिहितो, ही सोय क्यूटी ५.१५ पासून आहे. मग रेकॉर्डमधला तालुका फाइंडडेटाने शोधायचा, सापडला तर लागतो, नाही सापडला तर फाइंडडेटा उणे एक देतं आणि कॉम्बो कोरा राहतो. कोरा राहिलेला बरा, निदान क्लार्कच्या नजरेत येतं की इथे काहीतरी राहिलंय. आणि हो, शोधताना नावावरून नाही, तालुक्याच्या नंबरावरून शोधा, प्रत्येक नावामागे यूजरडेटात तो नंबर ठेवा. शिरूर पुण्यातही आहे आणि बीडमध्येही आहे, कर्जत रायगडातही आहे आणि नगरकडेही आहे.

आता तक्रार. ॲक्टिव्हेटेडची 'माणसाने निवडलं' ची व्याख्या जरा जास्तच ढिली आहे. विंडोजवर किंवा लिनक्सवर बंद कॉम्बोवर माउसचा कर्सर आहे आणि माणूस फॉर्म खाली सरकवायला चाक फिरवतोय, तर फॉर्म सरकायच्या ऐवजी कॉम्बोतलं नाव बदलतं आणि ॲक्टिव्हेटेड पण येतो. क्यूटीच्या दृष्टीने चाक माणसानेच फिरवलं ना! लांबलचक फॉर्म स्क्रोल एरियात ठेवला की हे हमखास होतं, माणसाला पत्ताही लागत नाही. मॅकवर हे होत नाही, तिथे स्टाइलमध्येच चाक बंद आहे, त्यामुळे मॅकवर बसून ॲप बनवणाऱ्यांना ही तक्रार समजतच नाही. उपाय म्हणजे क्यूकॉम्बोबॉक्सचा छोटा सबक्लास करायचा, व्हीलइव्हेंट ओव्हरराइड करून त्यात इव्हेंट इग्नोर करायचा, म्हणजे तो वर स्क्रोल एरियाकडे जातो. चार ओळींचं काम आहे, माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ती फाइल पहिल्या दिवशी कॉपी होते. पण मला विचाराल तर हे डिफॉल्टच बंद पाहिजे होतं.

कीबोर्डचंही तसंच. बंद कॉम्बोवर फोकस ठेवून खालचा बाण दाबला तर प्रत्येक दाबाला नाव बदलतं आणि प्रत्येक वेळी ॲक्टिव्हेटेड. अकोल्यापासून कोल्हापूरपर्यंत बाणाने खाली आलात तर मधल्या सगळ्या जिल्ह्यांचे तालुके भरून झालेले असतात. छत्तीस ओळींना कोणाला कळत नाही, पण मागे सर्व्हरवरची क्वेरी असेल तर फॉर्म अडखळायला लागतो.

कॉम्बो झाला, आता लिस्ट आणि टेबल. इथे क्यूटीत शिकण्यासारखं जास्त आहे आणि फसण्यासारखंही.

पहिलं समजून घ्यायचं ते करंट आणि सिलेक्टेड. करंट म्हणजे कीबोर्डचा मुक्काम जिथे आहे ती एक ओळ, सिलेक्टेड म्हणजे निळ्या झालेल्या ओळी, त्या शून्य असतील, एक असेल, पन्नास असतील. एकच ओळ निवडायची लिस्ट असेल तर दोन्ही बहुतेक वेळा एकच निघतात आणि म्हणून फरक कळतच नाही. मग एक दिवस क्लायंट म्हणतो एकदम दहा बिलं सिलेक्ट करून डिलीट करता आली पाहिजेत, तुम्ही मोड बदलून एक्स्टेंडेड करता, आणि डिलीटचं बटण अजून करंटरो (करंट ओळीचा नंबर) वाचत असतं. माणसाने कंट्रोल धरून चार बिलं निवडली, पाचव्यावर चुकून क्लिक झालं म्हणून परत कंट्रोल क्लिक करून ते काढलं. निळं गेलं, पण करंट तिथेच राहिलं. डिलीट दाबलं की नेमकं काढून टाकलेलं पाचवं बिल उडालं आणि चार तशीच. त्यामुळे नियम साधा, 'दाखवायचं' असेल तर करंट वाचा, 'काहीतरी करायचं' असेल तर सिलेक्टेड वाचा.

क्यूलिस्टविजेटमध्ये सिग्नलांची रांगच आहे. आयटमक्लिक्ड, आयटमॲक्टिव्हेटेड, करंटआयटमचेंज्ड, आयटमसिलेक्शनचेंज्ड. नवीन माणूस नाव सोपं म्हणून आयटमक्लिक्ड घेतो, आणि माउसने टेस्ट करतो म्हणून चालतंय असं वाटतं. दुकानातला माणूस माउसला हात लावत नाही हो. गिऱ्हाईक समोर उभं आहे, एका हातात बारदान नाहीतर पावती, दुसरा हात कीबोर्डवर, बाणाने खाली, एंटर, बाणाने खाली, एंटर. बाणाने ओळ बदलली तर आयटमक्लिक्ड येतच नाही, उजवीकडचा भाव मागच्याच मालाचा दिसत राहतो. ज्या कामाला जो सिग्नल, तोच नेमका घ्यायचा: तपशील दाखवायला करंटआयटमचेंज्ड आणि बिलात माल टाकायला आयटमॲक्टिव्हेटेड. हा दुसरा एंटरवरही येतो आणि डबल क्लिकवरही, आणि ज्या डेस्कटॉपवर सिंगल क्लिकने फाइल उघडायची पद्धत लावलेली असते तिथे सिंगल क्लिकवरही, म्हणजे सिस्टिमची जशी रीत तसा. हे मला फार आवडतं, यासाठी पूर्ण मार्क.

करंटआयटमचेंज्ड दोन गोष्टी देतो, आताची ओळ आणि आधीची ओळ. लिस्ट क्लिअर केली की आताची ओळ नन (पायथनमधलं 'काहीच नाही') येते, आणि तिथे थेट टेक्स्ट मागितलं की 'ननटाइप ऑब्जेक्टला टेक्स्ट नाही' छापाची एरर. पहिल्या ओळीत नन तपासायची सवय लावून घ्या, वाद नाही.

क्यूटेबलव्ह्यू (डेटा दाखवणारं टेबल) आणि मॉडेल (त्याला डेटा पुरवणारा ऑब्जेक्ट) वापरायला लागलात की खेळ बदलतो. निवडीचं खातं व्ह्यूकडे नसतं, क्यूआयटमसिलेक्शनमॉडेल नावाचा वेगळा ऑब्जेक्ट ते सांभाळतो. कल्पना झकास आहे, एकच सिलेक्शन मॉडेल दोन व्ह्यूंना दिलं की एकात निवडलेली ओळ दुसऱ्यातही निवडली जाते, वेगळं काही जोडायला लागत नाही. पण याची सिग्नल जोडायची वेळ महत्त्वाची. व्ह्यूला सेटमॉडेल केलं की प्रत्येक वेळी नवीन सिलेक्शन मॉडेल तयार होतं, तुम्ही आधीच्याला सिग्नल जोडला असेल तर तो जोडलेला आहे तसाच आहे, फक्त त्या घरात आता कोणी राहत नाही. एरर येत नाही. क्लिक करत बसा, फंक्शन काही बोलवलं जात नाही. आणि मॉडेल लावायच्या आधी सिलेक्शनमॉडेल मागितलं तर नन. आधी मॉडेल, मग सिग्नल, हा क्रम ठेवा, आणि डेटा बदलायचा तर मॉडेल बदलू नका, मॉडेलच्या आतला डेटा बदला.

सिलेक्शनचेंज्ड सिग्नल दोन यादी देतो, सिलेक्टेड आणि डिसिलेक्टेड. नावावरून वाटतं की पहिल्या यादीत आत्ता निवडलेल्या सगळ्या ओळी असतील. नसतात. तिथे फक्त आत्ता नव्याने निवडल्या गेलेल्या असतात, आधीच्या पाच निळ्या असतील आणि तुम्ही सहावी घेतली तर यादीत एकच येणार. बिलांची बेरीज खाली दाखवायची असेल तर या यादीवर बेरीज केलीत की एकाच बिलाची रक्कम दिसणार. सगळ्या हव्या असतील तर सिलेक्टेडरोज स्वतः मागायच्या. मोठ्या टेबलात फरकच हवा असतो म्हणून असं ठेवलंय हे समजतं, पण नावं जरा नीट देता आली असती.

आणि सॉर्टिंग! व्ह्यू आणि मॉडेलच्या मध्ये ओळी सॉर्ट करून देणारं क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल ठेवलं की व्ह्यूची तिसरी ओळ म्हणजे तुमच्या डेटाची तिसरी ओळ नव्हे. मॅपटूसोर्स करून, म्हणजे मूळ डेटातली ओळ कुठली ते काढून, मगच डेटाला हात लावायचा. हे सगळीकडे आहे, स्विंगच्या जेटेबलमध्येही जावा ६ पासून सॉर्टर आला तेव्हा कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेल आलंच. प्रॉक्सीची एक गोष्ट मराठीवाल्यांनी चालू करून घ्यावी, सॉर्टलोकेलअवेअर. ती नसली की नावं युनिकोडच्या नंबराप्रमाणे लागतात, मग शेवटी 'ळ' कुठे आणि नुक्तावालं अक्षर कुठे असली चर्चा क्लायंटबरोबर करत बसावं लागतं.

कोडने निवड बदलताना सिग्नल गप्प करायला ब्लॉकसिग्नल्स आहे. पायसाइडमध्ये क्यूसिग्नलब्लॉकर 'विथ' लावून वापरता येतो, ब्लॉक संपला की आपोआप चालू, मध्ये एक्सेप्शन आलं तरी. कॉम्बोवर बिनधास्त वापरा. पण सिलेक्शन मॉडेलवर वापरू नका, कारण व्ह्यू स्वतःसुद्धा त्याच सिग्नलवर जगत असतो. ते बंद केलं की निवड आत बदलते आणि स्क्रीनवर निळी पट्टी जुन्याच ओळीवर. अशा वेळी आपला साधा 'लोड चालू आहे' वाला फ्लॅग बरा, सेल्फ डॉट लोडिंग खरं करा, काम करा, खोटं करा. क्यूटीत हे सिग्नल तिथल्या तिथे येतात म्हणून फ्लॅग काम करतो. हे वाक्य लक्षात ठेवा, टीकिंटरकडे आलो की लागणार आहे.

बाण दाबून धरला तर दर ओळीला क्वेरी नको म्हणून मी करंटचेंज्डमध्ये थेट काही करत नाही. सिंगलशॉट (एकदाच वाजणारा) क्यूटायमर, दीडशे ते दोनशे मिलिसेकंद, प्रत्येक बदलाला परत स्टार्ट. माणूस थांबला की मगच तपशील आणायचा. थांबलेल्याला उशीर जाणवत नाही आणि डेटाबेसचाही जीव वाचतो.

आता बाकीचे, माझ्या परीक्षेत कोण किती पाण्यात ते.

टीकिंटर फुकट, पायथनबरोबरच येतं, छोट्या कामाला मी अजून वापरतो. लिस्टबॉक्सचा 'लिस्टबॉक्ससिलेक्ट' इव्हेंट कोडने निवड केली तर येत नाही, कॉम्बोचा 'कॉम्बोबॉक्ससिलेक्टेड' पण तसाच, म्हणजे जिल्हा-तालुका परीक्षेत हा गडी न शिकवता पास. पण टीटीके या टीकिंटरच्याच भागातल्या ट्रीव्ह्यूचा 'ट्रीव्ह्यूसिलेक्ट' मात्र कोडने सिलेक्शनसेट केलं तरी येतो. एकाच घरात दोन कायदे. आणि वर म्हटलं तो फ्लॅग इथे लावला तर चालत नाही, कारण ट्रीव्ह्यूचा इव्हेंट रांगेत टाकला जातो, तुमचा फ्लॅग परत खोटा झाल्यावर मग तो निवांत येतो. तिथे फ्लॅग आफ्टरआयडलने वगैरे उशिरा खाली करायची कसरत करण्यापेक्षा 'आत्ता जे दाखवतोय तेच निवडलंय का' हे आयडीवरून तपासलेलं सोपं पडतं. दुसरा फटका म्हणजे एक्सपोर्टसिलेक्शन. हे लिस्टबॉक्सला डिफॉल्ट चालू असतं, त्यामुळे एका विंडोत दोन लिस्टबॉक्स ठेवले आणि दुसऱ्यात निवडलं की पहिल्यातली निवड उडते, पहिल्याला इव्हेंटही जातो आणि तिथे करसिलेक्शनचं (निवडलेल्या ओळींची यादी) शून्यावं मागितलं की 'टपल इंडेक्स आउट ऑफ रेंज'. लिस्टबॉक्स बनवतानाच ते फॉल्स करा. आणि मराठीवाल्यांसाठी सगळ्यात मोठी अडचण वेगळीच, लिनक्सवर टीके ८.६ (टीकिंटरच्या खालचं मूळ टूलकिट) देवनागरी नीट जुळवत नाही, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं सुटी. 'शिरोळ' वाचताच येत नसेल तर ते कोणी निवडलं याला काय अर्थ! क्यूटीत हा प्रश्न नाही, त्याच्या पोटात हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन आहे.

स्विंग. कॉलेजात सगळ्यांनी केलेलं. जेलिस्टच्या लिसनरला (इव्हेंट ऐकणाऱ्या कोडला) माउस दाबताना एकदा आणि सोडताना एकदा बोलावणं येतं, म्हणून गेटव्हॅल्यूइजॲडजस्टिंग तपासायचं हे व्हायव्हाला पाठ असतं. जेकॉम्बोबॉक्सचा आयटमलिसनर पण दोनदा येतो, एकदा जुनं सुटलं म्हणून आणि एकदा नवीन लागलं म्हणून, गेटस्टेटचेंज बघायचं. इथवर ठीक. पण माणसाने की कोडने हे काही तो सांगत नाही, सेटसिलेक्टेडआयटम केलं तरी ॲक्शनलिसनर उडतोच, रिकाम्या कॉम्बोत पहिला ॲडआयटम केला तरी. लोक लिसनर काढतात, यादी भरतात, परत लावतात, आणि असं दहा वर्षं चाललेलं कोड मी बघितलंय. अजून एक गैरसमज फार दिसतो, लिस्टसिलेक्शनइव्हेंटचा गेटफर्स्टइंडेक्स म्हणजे निवडलेली ओळ समजून वाचणं. तो फक्त 'या पट्ट्यात कुठेतरी काहीतरी बदललं असेल' एवढं सांगतो, निवडलेली ओळ लिस्टलाच विचारायची.

विनफॉर्म्सला या परीक्षेत मी मनापासून मार्क देतो, कॉम्बोला सिलेक्शनचेंजकमिटेड आहे, तो फक्त माणसाने बदललं तरच येतो. मात्र हाच इव्हेंट लिस्टबॉक्सला नाही, तिथे तुमचं तुम्ही बघा. डेटासोर्स लावताना सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड उगाच उडतो आणि व्हॅल्यूमेंबर अजून लागलेला नसेल तर सिलेक्टेडव्हॅल्यूत नंबराऐवजी अख्खा डेटारोव्ह्यू हातात येतो, म्हणून डिस्प्लेमेंबर आणि व्हॅल्यूमेंबर आधी, डेटासोर्स शेवटी. लिस्टव्ह्यूत एका ओळीवरून दुसरीवर गेलं की इव्हेंट दोनदा, मधल्या वेळी निवडलेल्या ओळी शून्य, सिलेक्टेडआयटम्सचं शून्यावं वाचलं की आपटलं. काउंट बघूनच पुढे जायचं. (व्हीबी ६, म्हणजे जुन्या व्हिज्युअल बेसिकवाले म्हणतील आमच्याकडे असलं काही नव्हतं. होतं की साहेब, कोडने लिस्टइंडेक्स बदलला तरी क्लिक इव्हेंट यायचा, माउस कोणी न हलवता. १९९८ पासून.)

डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टचंच विनफॉर्म्सनंतरचं टूलकिट) सिलेक्शनचेंज्ड वरवर बुडबुड्यासारखा चढत जातो. टॅबकंट्रोलच्या आत कॉम्बो असेल आणि तुम्ही टॅब बदलल्याचा इव्हेंट पकडला असेल तर आतल्या कॉम्बोत तालुका बदलला तरी 'टॅब बदलला' म्हणून तुमचं फंक्शन पळतं. ओरिजिनलसोर्स तपासायचा किंवा आतल्याच जागी हँडल्ड करून टाकायचं. फक्त माणसाने बदललं तर, असा इव्हेंट कॉम्बोला इथे नाही. बाइंडिंगने (डेटा आणि कॉम्बो आपोआप जुळता ठेवून) काम करणाऱ्यांना त्याची गरज कमी भासते हे मान्य, त्यांचं जग वेगळं आहे.

जीटीके, लिनक्सवर चालणारं आणखी एक टूलकिट, मी फार वापरलेलं नाही म्हणून मार्क देत नाही. पण जीटीके ३ च्या ट्रीसिलेक्शनच्या चेंज्ड सिग्नलबद्दल त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की हा सिग्नल म्हणजे बराचसा इशारा समजा, कधीकधी काहीच बदललं नसताना पण येईल. प्रामाणिकपणाबद्दल हात जोडले.

परत पायसाइडकडे. डॉक्युमेंटेशन भरपूर आहे पण बऱ्याच पानांवर मजकूर सी प्लस प्लसच्या पानांवरूनच आलेला, पायथनवाल्याला मनात उलटं करत वाचावं लागतं. जुन्या उत्तरांवर विसंबू नका, क्यूटी ५ मध्ये करंटइंडेक्सचेंज्डचा स्ट्रिंग देणारा दुसरा अवतार होता, कंसात टाइप लिहून जोडायचा, तो ६ मध्ये काढलाय. नाव हवं असेल तर करंटटेक्स्टचेंज्ड किंवा टेक्स्टॲक्टिव्हेटेड घ्या, यातला दुसरा फक्त माणसाच्या निवडीचा. लॅम्ब्डाने लूपमध्ये सिग्नल जोडत असाल तर व्हेरिएबल डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये पकडून ठेवा, नाहीतर सगळ्या कॉम्बोंना शेवटचाच नंबर लागतो, हा दोष क्यूटीचा नाही, पायथनची रीत आहे.

लायसन्सचं बघून घ्या. पायसाइड एलजीपीएलखाली मिळतं, त्यामुळे अटी पाळून बंद सोर्सचं सॉफ्टवेअर विकता येतं. पायक्यूटी ६ दिसायला जवळपास सारखंच आहे पण ते जीपीएल (सॉफ्टवेअर देताना सोर्सही द्यायला लावणारं लायसन्स) किंवा पैसे भरून कमर्शियल. सिग्नलांची नावं दोन्हीकडे हीच, म्हणून वरचं सगळं तिथेही लागू.

मार्क द्यायचे तर कॉम्बोला पाचपैकी चार, कापलेला एक चाकाचा. लिस्टविजेटला साडेचार. मॉडेल-व्ह्यूला साडेतीन, ताकद पाचाची आहे पण पहिले काही महिने रडवतं. फक्त फॉर्म, टेबल आणि बिलं करायची असतील तर अख्खं पायसाइड ६ उतरवू नका, पायसाइड ६ एसेन्शियल्स नावाचं छोटं पॅकेज पुरतं, वेब इंजिन आणि थ्रीडीचा पसारा त्यात येत नाही, आणि क्लायंटकडच्या जुन्या मशीनवर इन्स्टॉलरही लवकर उतरतो.